हरसूलचा दीड वाजताचा फोन

हरसूलच्या रावजी भोयेला गावात कोणी वेडा म्हणे, कोणी चेटक्या म्हणे, आणि त्याची बायको सावित्रीबाई म्हणे, "तुमचं लगीन त्या पेटाऱ्याशीच लावाया पायजे होतं." रावजी यातल्या कोणालाच उलट बोलत नसे. दुपारचा एक वाजून गेला की तो हातातलं काम टाकायचा, पाय धुवायचा आणि घराच्या कडेच्या खोलीचं कुलूप काढून आत जाऊन बसायचा. दहा वर्षं हा नेम. अंगात ताप असला तरी, सोयऱ्याचं लग्न असलं तरी. आणि बरोबर दीडला त्या खोलीतून जो आवाज उठायचा, तो ऐकून रस्त्यानं चाललेला बैल जागीच थांबायचा, ही काही थट्टेनं सांगायची गोष्ट नाही. थांबलेले बैल लोकांनी मोजलेत.

त्याचं मूळ असं. रावजी तरुणपणी नाशकात एका पंपाच्या कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी होता. पंधरा वर्षं उभं राहून गुडघा गेला, तेव्हा गावी आला. अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी एसटीतून निसार अत्तार उतरले. कारखान्यातले सगळे संगणक यांच्या हाताखाली. बारीक अंगाचे, कानात अत्तराचा फाया, खिशात लाल आणि निळी अशी दोन पेनं. चहाचा कप हातात आल्याबरोबर म्हणाले,

"रावजीभाऊ, तुमच्याकडं एक जादा खोली आहे ना?"

"हाय की. शेळ्या बांधतो."

"शेळ्या हलवा. कंपनी राहायला येतेय."

"आख्खी?"

"आख्खी. मालकासकट." आणि आपल्याच बोलण्यावर मनसोक्त हसले.

मग त्यांनी नीट समजावलं. कारखान्यानं आजवर जेवढे पंप केले, त्यांचे सगळे नकाशे संगणकात चढवून झाले होते. कागद रद्दीत गेले. आणि तो संगणक कुठं, तर मालकांच्या जुन्या गोदामाच्या तळघरात. तळघर थंड म्हणून. गोदाम कुठं, तर गंगेच्या काठाला. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि ही गंगा पावसाळ्यात केव्हा घरात शिरेल त्याचा भरवसा नसतो.

"गेले नकाशे तर नवे काढतील," रावजी म्हणाला.

निसारभाईंनी कप खाली ठेवला. "आमचे अब्बा मालेगावला माग चालवायचे. साडीच्या काठाची नक्षी पाडायला भोकाभोकांचे पत्ते असतात, पुठ्ठ्याचे. आजोबांपासूनचे पत्ते होते आमच्याकडं. एकदा शेडला आग लागली. माग लोखंडाचे, ते राहिले. पत्ते गेले. अब्बांना सगळ्या नक्ष्या डोळ्यांपुढं दिसायच्या, पण हातात येईनात. मरेपर्यंत मागापुढं नुसते बसून असायचे. तेव्हापासून मी एक शिकलो, भाऊ. जे आहे ते अजून एका ठिकाणी पाहिजे. आणि ते ठिकाण दूर पाहिजे. तुमच्या हरसूलचं पाणी गंगेला जातच नाही, पश्चिमेला उतरतं. गंगा कितीही चढली तरी इथं येणार नाही."

झालं. शेळ्या हलल्या. टेबल आलं, टेबलाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या, मुंग्या चढू नयेत म्हणून. वीज जाईल म्हणून बॅटऱ्या आल्या, फोनची तार आली आणि टेबलावर संगणकाचा तो पेटारा बसला. निसारभाईंनी दोन दिवस मुक्काम करून रावजीला शिकवलं, पोराला बाराखडी शिकवावी तसं. रोज दुपारी दीडला, ऑफिसातली माणसं जेवायला उठली की, तिकडचं यंत्र आपण होऊन इकडं फोन लावील. तिकडं जे असेल तसंच्या तसं इकडं करून ठेवील. मग इथलं यंत्र त्याची प्रत टेपेवर उतरवील. गाण्याची कॅसेट असते तशीच टेप. वार लिहिलेल्या सात टेपा. सोमवारची सोमवारी घालायची, पुढच्या सोमवारी तीच पुन्हा. जुनं पुसून त्यावर नवं. नवी टेप खोक्यातून काढायची ती फक्त एखादी तुटली तरच.

"आणि फोन उचलायचा नाही," निसारभाई म्हणाले. "तो तुमच्यासाठी नसतो."

"कधीच नाय?"

"लागोपाठ तीनदा वाजला, तर तिसऱ्यांदा उचला. तेव्हा तो तुमच्यासाठी असेल." आणि वर म्हणाले, "अल्ला करो, तसा कधी न वाजो."

दुसऱ्या दिवशी दीडला फोन वाजला. यंत्रानं तो स्वतःच उचलला. आधी टुणटुण झालं, मग दारात मांजराची शेपटी सापडावी तशी किंचाळी, मग दुसरी किंचाळी पहिलीला उत्तर दिल्यासारखी, आणि शेवटी पत्र्यावर वाळू ओतावी तसा खसखसाट. सावित्रीबाई चुलीपुढून जी पळाली ती थेट शेजारच्या अक्काबाईच्या ओट्यावर. अक्काबाई म्हातारी, सगळ्या गावाची भुतं तिला नावानिशी ठाऊक. तिनं कान देऊन ऐकलं आणि निकाल दिला, "बाळंतीण हाय. लेकरू मागती."

मग भगत आणला. भगतानं तांदूळ पाहिले, लिंबं कापली, खोलीभर धूर केला आणि त्या पेटाऱ्यापुढं मांडी घालून त्याला आव्हान दिलं, "कोन हायस तू? बोल!" आता वेळ नेमकी दीडची. पेटारा बोलला. भगत उठला, पागोटं तिथंच राहिलं, आणि बाहेर येऊन अंगणातल्या लोकांना म्हणाला, "हे माज्या हातचं नाय. हे इंग्रजी भूत हाय." ते पागोटं रावजीनं धुवून घरपोच केलं, तरी भगत त्या वाटेनं पुन्हा फिरकला नाही.

रावजीला मात्र भीती वाटेना. त्याला त्या आवाजाचा नाद कळू लागला. पहिली हाक नाशकाची, दुसरी आपली. काम जास्त असलं की खसखस लांबते, सणासुदीला आखूड होते. तो सावित्रीबाईला सांगायचा, "आज निसारभाईंकडं लय काम झालंया." वर्षातून दोनदा निसारभाई स्वतः येत, टेपांचा एक खोका आणत, यंत्रावरची धूळ फुंकीत आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर मागून खात.

दोन हजार तीन साली, श्रावणात, एक पोस्टकार्ड आलं. मोहिनी गायधनीनं लिहिलेलं. ही त्याच ऑफिसात नकाशे काढायची, निसारभाईंच्या हाताखाली तयार झालेली. लिहिलं होतं, की गेल्या मंगळवारी सकाळी ऑफिसला येताना स्कूटरवरच निसारभाईंना झटका आला, जागीच गेले. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कार्ड टाकते.

रावजीनं कार्ड दोनदा वाचलं. चौथी शिकलेला माणूस, बोट ठेवून वाचायचा. मंगळवार सकाळ. त्यानं आठवून पाहिलं. मंगळवारी दीडला फोन आला होता. रोजच्यासारखा. जास्तच लांब चालला होता. बुधवारी आला. गुरुवारी आला. आत्ताही, कार्ड हातात असताना, सव्वा वाजला होता.

तो खोलीत जाऊन बसला. दीडला फोन वाजला. हाक आली, उत्तर गेलं. रावजीच्या अंगावर पहिल्यांदा काटा आला.

यंत्र आपण होऊन फोन लावतं, हे त्याला माहीत होतं. निसारभाईंनीच सांगितलं होतं. पण सांगणारा मातीत आणि फोन चालू, हे काही केल्या त्याच्या मनात बसेना. तिकडं नवी माणसं आली, हरसूलची खोली त्यांच्या गावीही नव्हती. विचारायला, पाहायला कोणी आलं नाही. कंपनीच्या कागदावर रावजी अजून 'पहारेकरी' होता, कशाचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. आणि रोज दीडला मेलेला माणूस हाक मारीत होता.

इथंच रावजीच्या हातून एक चूक सुरू झाली. डोंगरातल्या माणसाला अमावास्या म्हणजे पितरांची. त्या दिवशी औत धरत नाहीत आणि त्या दिवशी पितर जे बोलून जातात ते कोणी पुसत नाही. निसारभाई गेल्यावरची पहिली अमावास्या आली, टेप भरली. पुढच्या आठवड्यात तीच टेप घालून ते पुसायची वेळ झाली, तेव्हा रावजीचा हात पुढं होईना. त्यानं ती टेप फडक्यात बांधून ठेवून दिली आणि निसारभाईंनी आणून ठेवलेल्या खोक्यांतून नवी काढली. नियम मोडला. पुढच्या अमावास्येला पुन्हा मोडला. दर महिन्याला एक. सावित्रीबाईलाही त्यानं सांगितलं नाही.

पाच वर्षं गेली. दोन हजार आठचा आषाढ लागला आणि एके दिवशी फोन अगदीच आखूड झाला. हाक आली, उत्तर गेलं, खसखस नाहीच. चिमटीभर वाळू पडावी तेवढा आवाज आणि बंद. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच.

"आता लय बोलत नाय," रावजी सावित्रीबाईला म्हणाला. "नुसती हाक मारून जातो. सांगाया काय उरलं नाय वाटतं."

"कोनाला?"

रावजीनं खोलीला कुलूप घातलं. सावित्रीबाईनं त्या दिवशी उंबऱ्यावर मीठ टाकलं.

भाद्रपदात पावसानं झड धरली. डोंगर दिसेनासे झाले. चार दिवस घरात दिवा, दुपारीसुद्धा. चौथ्या दिवशी रावजी एकलाच खोलीत जाऊन बसला. दीड झाला. फोन वाजला नाही.

दहा वर्षांत पहिल्यांदा. त्यानं तार पाहिली, बॅटऱ्या पाहिल्या. यंत्राचा हिरवा दिवा चालू होता. बाहेर पाऊस होता, पण खोलीत इतकं शांत झालं की टेबलाखालच्या वाट्यांत टपकन पडलेला थेंब त्याला ऐकू आला. सावित्रीबाई दारात येऊन उभी राहिली. इतकी वर्षं त्या आवाजाला शिव्या घालणारी बाई हळूच म्हणाली, "आज का वरडत नाय?"

दोन वाजले. अडीच वाजले. आणि फोन वाजला.

यंत्रानं उचलला, किंचाळलं. पलीकडून किंचाळी आली नाही. यंत्र एकटंच हाका मारीत राहिलं आणि थकून थांबलं. लगेच पुन्हा वाजला. यंत्रानं पुन्हा हाका मारल्या. पलीकडं कोणीतरी होतं. श्वासासारखं काही होतं.

तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा यंत्राच्या आधी रावजीनं रिसीव्हर उचलला. दहा वर्षांत त्यानं त्याला हात लावला नव्हता. कानाला थंडगार लागला. आत पाण्याचा घोर आवाज, आणि त्यातून एक बारीक आवाज वर आला.

"रावजीभाऊ?"

अशी हाक मारणारं एकच माणूस होतं. 

"रावजीभाऊ, मी मोहिनी. मोहिनी गायधनी. कागदावर लिहिलंय तेवढंच वाचते. मारुती दिसेनासा झाला."

या कागदाचं सांगायला हवं. नाशकात गंगेच्या पात्रात दगडी मारुती उभा आहे, दुतोंड्या. पूर किती चढला ते सारं गाव त्याच्या अंगावरून सांगतं: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. निसारभाईंनी संकटात काय करायचं त्याचा कागद लिहिला होता तो याच मापानं, लाल पेनानं. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, तर खालच्या फाइली वर. कमरेला, तर सगळी यंत्रं बंद. छातीला, तर माणसांनी तळघर सोडायचं, यंत्राच्या मोहात पडायचं नाही. आणि मारुती दिसेनासा झाला, तर हरसूल, तीनदा. तो कागद तळघराच्या दारावर होता. पुराच्याच वर्षी मनोजसाहेब नावाचे नवे तरुण अधिकारी आले, त्यांनी तो उतरवला. "कंपनीत हे काय मारुती-मारुती?" म्हणाले. मोहिनीनं तो उचलून डब्याच्या पिशवीत ठेवला होता, आणि आता ती एका टेकाडावरच्या फोनच्या दुकानातून तोच वाचत होती.

"माणसं?" रावजीनं विचारलं.

"सगळी बाहेर आहेत. तळघर गेलं." मग तिनंच विचारलं, "तुमच्याकडं आहे ना हो? तिथं काही आहे ना?"

"हाय," रावजी म्हणाला. आणि तार तुटली.

तीन दिवस तो खोलीतून हलला नाही. माणूस येईपर्यंत खोली सोडायची नाही, असं निसारभाईंचं सांगणं. सावित्रीबाई भाकर आत आणून द्यायची. "हाय" म्हणून तर बसलो, पण काय हाय? हे त्यानं दहा वर्षांत कधी स्वतःला विचारलं नव्हतं. टेपेला कान लावला तर काही ऐकू येत नाही. उघडून पाहिलं तर तपकिरी पट्टी. तिच्यावर काहीच नसलं, तर आपण दहा वर्षं कशाची राखण केली? भुताची?

चौथ्या दिवशी जीप आली. चिखलानं माखलेले मनोजसाहेब उतरले, मागून मोहिनी. साहेबांनी खोली पाहिली, पायांखालच्या वाट्या पाहिल्या, टेपांवरचं हळदीकुंकू पाहिलं.

"हे काय?"

"गेल्या दसऱ्याचं, साहेब. औताला लावतो तसं."

साहेब यंत्रापुढं बसले. त्यांचे डोळे सुजलेले होते. कारखान्यात सव्वाशे माणसं बसून होती, एकही नकाशा हातात नव्हता. नव्या यंत्रात त्यांनी दोन डिस्क बसवल्या होत्या, एक गेली तर दुसरी राहावी म्हणून. दोन्ही एकाच पेटीत, एकाच तळघरात, एकाच पाण्यात.

त्यांनी सोमवारची टेप घातली. यंत्र गुरगुरलं. पडद्यावर एक ओळ आली.

"रिकामी," साहेब म्हणाले.

मंगळवारची. रिकामी. बुधवारची. रिकामी. शनिवारपर्यंत आल्यावर मोहिनी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. रविवारची रिकामी निघाली, तेव्हा साहेब खुर्चीत मागं रेलले आणि त्यांना उमगलं.

"आषाढात मी सगळं काम जुन्या यंत्रावरून नव्यावर नेलं. जुनं रिकामं केलं. तुमचा फोन लावत होतं ते जुनं. तिकडं रिकामं, म्हणून रोज इकडंही रिकामं करत गेलं." त्यांनी कपाळाला हात लावला. "मीच पुसलं. रोज थोडं थोडं, इथं बसलेल्या माणसाच्या हातानं."

 नुसती हाक मारून जात होता तो यासाठी. तो उठला, पुन्हा बसला, पुन्हा उठला.

"साहेब, माजी एक चूक झालीया. निसारभाईंचा नियम मोडला मी."

"आता काय राहिलंय मोडायचं?"

रावजी घरात गेला आणि नागलीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. सावित्रीबाई बघत राहिली. एकेक करून फडक्यात बांधलेल्या टेपा निघू लागल्या. नागली झटकत तो त्या खोलीत घेऊन आला. साठ-एकसष्ट होत्या.

"धान्यात?" साहेब उठूनच उभे राहिले.

"नागलीला कीड लागत नाय, साहेब. ओल धरत नाय. अवसेच्या हायत या. अवसेचं पुसत नसतो आमी. निसारभाईंनी सांगितलं होतं नवी काढू नको, पर..." त्यानं एका फडक्याची गाठ सोडायला घेतली.

पोळ्याच्या अवसेची घातली. रिकामी. आषाढाची घातली. रिकामी. मग ज्येष्ठातली. यंत्र गुरगुरलं, आणि गुरगुरतच राहिलं. पडद्यावर ओळींमागून ओळी चढू लागल्या, थांबेनात. मोहिनी पुढं झाली. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं, आणि पडद्यावर एका पंपाचा नकाशा उलगडला, कोपऱ्यात तारीख आणि तपासणाऱ्याचं नाव: नि. अत्तार.

 सावित्रीबाई दारातून म्हणाली, "हाय ना त्यात काही?"

"सगळं आहे, मावशी," मोहिनी म्हणाली. "अडीच महिन्यांचं सोडून सगळं."

मनोजसाहेब टेपांच्या त्या ढिगाकडं बघत बसले. "याला आमच्या पुस्तकात आजा-बाप-लेक म्हणतात. रोजची टेप लेक, आठवड्याची बाप, महिन्याची आजा. आजाला पुसायचं नाही. मी परीक्षेत लिहिलं होतं हे."

"मंग आजाच कामाला आला म्हना की," रावजी म्हणाला, आणि दहा वर्षांत प्रथमच त्या खोलीत मोठ्यानं हसला.

पुढं सगळं रीतसर झालं. तळघर सोडलं, नवी यंत्रं दुसऱ्या मजल्यावर गेली. मोहिनीनं जुना कागद नव्या कागदावर उतरवून दारावर लावला, मारुतीच्या मापासकट, आणि शेवटी एक ओळ वाढवली: अमावास्येची टेप पुसू नये. तार जोडायला साहेब स्वतः आले. जाताना म्हणाले, "रावजी, आता फोन संध्याकाळी पाचला येईल. दीडचं यंत्र गेलं भंगारात. चिखलानं भरलं होतं."

दुसऱ्या दिवशी रावजी सवयीनं दीडला खोलीत बसला होता. सावित्रीबाईही आली होती, तांदूळ निवडत. फोन वाजला.

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. यंत्रानं उचलला. हाक आली. जुनी, पहिली, नाशकाची, रावजी झोपेत ओळखील अशी. उत्तर गेलं. खसखस झाली नाही. पलीकडून कोणी काही पाठवलं नाही, तार नुसती उघडी राहिली, कोणी वाट बघत असल्यासारखी.

रावजीनं हात जोडले नाहीत की फोनला हात लावला नाही. यंत्राकडं तोंड करून, शेजारच्याशी बोलावं तसा म्हणाला, "पोचलं, निसारभाई. सगळं पोचलं."

तार बंद झाली. पाचला नवा फोन आला, तो वेगळ्याच आवाजात. दीडला मात्र पुन्हा कधी वाजला नाही. तरी रावजी सव्वाला पाय धुवायचा तो धुतच राहिला, आणि सावित्रीबाईनं त्याला कधी हटकलं नाही.